ओळखीचा माणूस

इमारतीत चोर शिरल्याची खबर होती आणि मी नेमका कचरा टाकून हाफ पँटमध्येच वर आलो होतो. बायको आंघोळीला गेलेली, त्यामुळे बेल वाजवत उभा होतो. तेवढ्यात हवालदाराने मागून मानगूट धरून मला भिंतीला दाबलं आणि खिसे उलटे केले. कपडे वाळत घालायचा एक चिमटा निघाला, तरी तो गुरकावला, "घर तुझंच कशावरून? चल चौकीवर!"

"समोरच्यांना विचारा," मी ऐटीत म्हणालो. "इतक्या वर्षांचा शेजार आहे आमचा!"

समोरचे काका दार उघडून बाहेर आले.

"यांना ओळखता?"

"म्हणजे काय! रोज लिफ्टमध्ये भेटतात."

माझी छाती फुगली.

"नाव काय यांचं?"

काका छताकडे बघायला लागले. हवालदार माझ्याकडे वळला. "बरं, तू सांग. यांचं नाव काय?"

"काका," मी म्हणालो.

शेवटी बायको ओल्या केसांनी माझं ओळखपत्र घेऊन धावत आली, म्हणून सुटलो.

पोलीस गेले, पण जाताना आम्हा दोघा शेजाऱ्यांची एकमेकांशी ओळख करून देऊन गेले.