नऊ हजार लोकांना आवडलेली चूक

"मोठ्यानं वाचा सर, मागच्यांनाही ऐकू जाऊ दे," रुग्णालयाच्या अधीक्षक म्हणाल्या आणि पहिल्या रांगेत जाऊन बसल्या.

प्रशिक्षणाच्या खोलीत पडद्यावर लॅबच्या प्रमुखांची पोस्ट झळकत होती. वर हाताची घडी घातलेला त्यांचा फोटो, मेहुण्यानं काढलेला. खाली आकडा: नऊ हजार जणांना आवडली. समोर नव्या तुकडीची वीसेक मुलं-मुली वह्या उघडून बसली होती.

प्रमुखांनी सत्तेचाळिसाव्या वर्षी लिहायला घेतलं होतं. 'स्वतःचा आवाज शोधा' असा सहा आठवड्यांचा ऑनलाइन वर्गही केला होता. पुढचे आठ महिने तो आवाज घराबाहेर कुणाच्या कानी पडला नाही. दर पोस्टला अकरा जणांची पसंती. त्यात बायको, मेहुणा आणि दोन भाचे ठरलेले. वर्गाच्या बाई म्हणाल्या होत्या, "तुमची एखादी चूक लिहा, लोक तिथेच थांबतात." अडचण एवढीच, की बावीस वर्षांच्या नोकरीत लिहिण्याजोगी चूक सापडेना. प्रमुख चुका करणारे नव्हते, पकडणारे होते.

त्यांनी घसा साफ केला आणि ते वाचायला लागले.

"ट्यूबवर लेबल पेशंटच्या बेडपाशीच लावायचं, हा आमच्या कामातला पहिला नियम. त्या दिवशी मी घाईत होतो. दोघांचं रक्त घेतलं, दोन्ही ट्यूब कोटाच्या खिशात टाकल्या आणि लेबलं टेबलापाशी येऊन लावली. अदलाबदल झाली. एका धडधाकट माणसानं आपल्या किडन्या गेल्या असं समजून एक अख्खी रात्र काढली."

प्रमुखांनी मान वर केली आणि तिसऱ्या रांगेत, खिडकीपाशी, त्यांना ताई दिसल्या. लॅबमधल्या सर्वांत जुन्या टेक्निशियन. सगळे त्यांना ताईच म्हणत. या वेळी त्या वॉर्डात असायला हव्या होत्या. ताई असलं काही वाचत नाहीत, या भरवशावर तर पोस्ट टाकली होती.

"वाचा ना सर," अधीक्षक म्हणाल्या.

"मी स्वच्छतागृहात गेलो. नळ पूर्ण सोडला, म्हणजे रडणं बाहेर ऐकू जाऊ नये..."

त्यांचा आवाज अडकला. पहिल्या रांगेतल्या एका मुलीनं रुमाल काढला. तिला वाटलं, सरांना गहिवरून आलं. खरं तर हे वाक्य दहा वर्षांपूर्वी ताईंनी त्यांच्या टेबलासमोर उभं राहून, मान खाली घालून सांगितलं होतं. चूक ताईंची होती, ट्यूब ताईंच्या खिशात होत्या. प्रमुख तेव्हा ताईंच्या नावाचा मेमो लिहीत होते.

कसंबसं वाचन संपलं. मागच्या रांगेतला एकजण उभा राहिला.

"सर, मग तुमच्यावर कारवाई काय झाली?"

पोस्टमध्ये ते नव्हतं. प्रमुखांनी पाण्याचा ग्लास उचलला. 'ती चूक माझी नव्हती', एवढं एकच वाक्य बोलायचं होतं, आणि वाक्यं छोटी ठेवा असं वर्गात शिकवलंही होतं. पाणी संपलं, वाक्य निघालं नाही.

"मेमो मिळाला," तिसऱ्या रांगेतून आवाज आला. सगळ्यांच्या माना वळल्या. ताई बसूनच बोलत होत्या, औषधाच्या वेळा सांगाव्यात तशा. "रक्त घ्यायचं काम काढून घेतलं. दोन वर्षं काचसामान धुवायला बसवलं. त्या पेशंटच्या घरी माफी मागायला जावं लागलं, दोनदा. पहिल्यांदा त्यांनी दार उघडलं नाही."

"तुम्हाला बरं माहीत," अधीक्षक म्हणाल्या.

"मी तेव्हा इथेच होते ना, मॅडम."

"बघा," अधीक्षक मुलांकडे वळल्या, "एवढं सोसून माणूस या खुर्चीपर्यंत आला."

टाळ्या पडल्या. ताईंनीही वाजवल्या, इतरांइतक्याच. आपण माणूस म्हणून इतके हलके असू, असं प्रमुखांना आजवर कधी वाटलं नव्हतं. धरणी दुभंगेल तर बरं, असं त्यांना वाटत होतं, आणि तोंडून निघालं ते, "धन्यवाद."

बाहेर पॅसेजमध्ये त्यांनी ताईंना गाठलं. ताई ट्रेमध्ये रिकाम्या ट्यूब लावत होत्या.

"ताई, तुम्ही आत बोलला नसता तरी..." त्यांनी आवाज खाली आणला. "तुमचं नाव मी कुठेही येऊ दिलं नाही. एका अक्षरानंसुद्धा नाही. सगळं माझ्या अंगावर घेतलं."

ताई रागावल्या असत्या तर प्रमुखांना सोपं गेलं असतं. ताईंनी ट्रे उचलला.

"तेव्हा घ्यायचं होतं, सर," त्या म्हणाल्या, आणि वॉर्डाकडे निघून गेल्या.