शेजारच्या सीटवरून

"टोपी घट्ट बसव. सैल राहिली तर कॅमेऱ्याला तुझं डोकं सापडत नाही."

नवऱ्याने टोपी खाली ओढली. टोपीच्या कडेला बारीक दिवे होते आणि त्यांच्यावर नजर ठेवणारा कॅमेरा स्क्रीनच्या वर. त्याने मान वळवली तसा स्क्रीनवर दिसणारा गाडीचा आतला भागही वळला. तो पुढे झुकला, तशी समोरची काच जवळ आली.

"खरंच आत बसल्यासारखं वाटतं," तो म्हणाला.

"वाटायलाच हवं. त्याचाच पगार घेते मी."

सुट्टीचा दिवस होता. गेम बनवणाऱ्या त्या ऑफिसात दोघांशिवाय कोणी नव्हतं. शर्यतीच्या नव्या गेममध्ये दोघांना शेजारीशेजारी बसता येणार होतं. एक चालवणारा, एक सोबतीचा; दोघांना आपापली स्क्रीन, आपापली टोपी. आरशांचं काम तिच्याकडे होतं. डोकं जिथे असेल तिथून आरशात जे दिसायला हवं, नेमकं तेच दिसलं पाहिजे, यावर ती इतकी हटून बसायची की सगळे तिला आरसेवालीच म्हणत.

आज स्क्रीनवर शर्यतीची गाडी नव्हती. त्यांची स्वतःची जुनी गाडी होती, आणि डोंगरातला तो रस्ता.

नवऱ्याने ओळखलं. स्टिअरिंगवरचे हात त्याने मांडीवर घेतले.

"हे कशाला?"

"मला बघायचंय. चालव."

त्या रस्त्यावर अपघातात तिचा धाकटा भाऊ गेला होता. घरातलं शेंडेफळ. मागच्या सीटवर ऐसपैस मधोमध बसायची त्याला खोड. वळणावर गाडी कठडा तोडून खाली गेली. लोक पोचले तेव्हा नवऱ्याने तिला बाहेर काढून गवतावर निजवलं होतं आणि तो भावाला ओढत होता. 'गाडी मी चालवत होतो, चूक माझी,' एवढंच तो पोलिसांना म्हणाला, कोर्टात म्हणाला आणि शिक्षा भोगून आला. त्यापलीकडे चकार शब्द नाही.

तिच्या डोक्याला मार बसला होता. त्या दिवसातलं तिला एकच आठवत होतं. आरशाच्या मधोमध पिवळ्या शर्टातला भाऊ हसत होता, कशावर तरी, डोळे मिटून. त्यापुढे काही नाही. नवऱ्याला तिने हे कितीदा सांगितलं होतं.

तिच्या आईने जावयाला पुन्हा उंबरा ओलांडू दिला नाही. "सोडायच्या आधी एकदा वदवून घे, त्याचं लक्ष कुठे होतं ते," आई म्हणायची. घटस्फोटाच्या सह्या पुढच्या आठवड्यात व्हायच्या होत्या.

तिचा तर्क साधा होता. भाऊ आरशातून हसवत होता, आणि नवरा रस्ता सोडून आरशात बघत होता.

मागच्या सीटवर तिने एक आकृती बसवली होती, पिवळ्या शर्टातली. चेहरा द्यायचा धीर झाला नव्हता.

"इतक्या हळू नव्हतो आपण," ती म्हणाली.

त्याने वेग वाढवला. त्याच्या कपाळावर घाम आला होता. वळण जवळ येताच तिने आपल्या स्क्रीनवर नजर वर उचलून आरशात पाहिलं.

आरशात पिवळा शर्ट नव्हता. नवऱ्याच्या बाजूची खिडकी होती आणि मागे पळणारी झाडं.

"थांबव."

ती पुढे झुकली, मागे रेलली, खांदा भिंतीला टेकवला. खिडकी, झाडं. तिने आरशाचं सगळं गणित पुन्हा तपासलं. कुठे केसाएवढीही चूक नव्हती. नवरा तिच्या बोटांकडे बघत होता.

"आरसा तेव्हा तुझ्याकडे वळवलेला होता," तो एकदम म्हणाला. "तू केस नीट करत होतीस."

"मग तुला मागचं काय दिसत होतं?"

"काही नाही."

"तशा रस्त्यावर, आरसा वळवून?"

"हो."

"कोर्टात बोलला नाहीस हे."

"कोणी विचारलं नाही."

आरशाला कोणी बोट लावलं तरी दिवसभर कुरकुरणारा हा माणूस. पंक्चर काढणाऱ्याशीही त्यावरून भांडलेला. तो खोटं बोलत होता, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिला ते इतकं स्वच्छ दिसत होतं.

"ऊठ. मला तुझ्या जागेवरून बघायचंय."

तो उठला नाही. "राहू दे ना. कागद असतील तर दे, आत्ता सह्या करतो. आईंना सांग, माझं लक्ष नव्हतं. मी मागे बघत होतो, त्याच्याशी बोलत होतो. हेच ऐकायचं होतं ना तुला?"

हेच ऐकायचं होतं. त्यासाठीच तर तिने त्याला बोलावलं होतं. पण टोपीसाठी पुढे केलेला हात तिने मागे घेतला नाही.

"टोपी दे."

"माझं ऐक."

"टोपी."

त्याने टोपी काढून दिली आणि सावकाश उठून तिच्या मागे जाऊन उभा राहिला. ती खुर्चीत बसली. टोपी आतून ओलसर लागली. तिने स्टिअरिंग धरलं, गाडी वळणापर्यंत नेली आणि नजर वर केली.

आरशाच्या मधोमध पिवळा शर्ट होता. त्याच उंचीवर, एक खांदा चौकटीने तसाच कापलेला. डोळे मिटले की रोज दिसायचा, अगदी तसा.

तिला वळून बघता आलं नाही. मागून त्याचा हात आला, त्याने भिंतीतली पिन उपटली आणि स्क्रीन काळी झाली.

"तू शेजारी बसली होतीस," तो म्हणाला. "मी सगळ्यांना तेच सांगितलंय."