तिसरी चौकट

मंगळवारी सकाळी दवाखान्यातून फोन आला की माझी बायको गेली.

महिन्याभराने मेव्हणी म्हणाली, “भावोजी, ताईने संगणकावर घातलेल्या वंशावळीत तिची तारीख तेवढी भरा. नाहीतर वरून माझ्यावरच डाफरेल.”

मी हिची फ्लॉपी घातली, हिची चौकट उघडली आणि तारीख भरली. प्रोग्रॅमने ती घेतली नाही. पडद्यावर आलं: आईचा मृत्यू मुलाच्या जन्माआधीचा आहे, तपासा.

आम्हाला मूल झालंच नाही.

मी वंशावळ खाली सरकवली. आमच्या दोघांच्या चौकटींखाली तिसरी चौकट होती. तिच्यात नाव होतं, लग्नानंतर आम्ही दोघांनीच ठरवलेलं आणि कुणालाही न सांगितलेलं. जन्मतारीख उद्याची होती.

“झालं का हो?” मेव्हणीने स्वयंपाकघरातून विचारलं.

हिची तारीख अजून भरायची राहिली आहे.