घाट उतरताना

"सोमवारी कंपनीच जाहीर करेल. तोपर्यंत या खोलीबाहेर एक अक्षर जाता कामा नये," मॅनेजर म्हणाला. "या नव्या मॉडेलमध्ये लांब उताराला ब्रेकचा पंप कधीकधी दम सोडतो. पेडल दगडासारखं होतं. आता प्रत्येक गाडीत होईलच असं काही नाही."

शोरूममागच्या काचेच्या खोलीत बसलेले सेल्समन एकमेकांकडे बघत राहिले. कुणीतरी उगाच पेनाचं टोपण काढलं, पुन्हा लावलं.

दाराजवळच्या सेल्समनने खिशातून फोन काढला. हीच गाडी त्याने ताईच्या गळ्यात मारली होती. 'डोळे झाकून घे गं,' म्हणाला होता. आणि ताई आज मुलीला नि सासूबाईंना घेऊन घाट उतरणार होती.

त्याने तिथेच फोन लावला.

"मीटिंग चालू आहे," मॅनेजर म्हणाला.

"मामा!" पलीकडून भाची किंचाळली. "आम्ही घाटात आहोत. ढग आमच्या खाली आहेत!"

"आईला दे."

"आई गाडी चालवतेय. चालवताना फोन घ्यायचा नसतो."

"शहाणी माझी. स्पीकर लाव आणि आईजवळ धर."

मॅनेजर उठून उभा राहिला. "अरे, काय करतोयस तू? एक शब्द बाहेर गेला तर उद्यापासून घरी बसायचं."

सेल्समनने त्याच्याकडे पाठ फिरवली.

"ताई, उतार संपला का?"

"छे! अजून अर्धा बाकी आहे. का रे?"

"ब्रेक कसा लागतोय?"

"तू कसं ओळखलंस? मगाच्या वळणावर फार कडक वाटला. म्हटलं, माझ्या चपलेचंच काहीतरी असेल."

गिऱ्हाइकाशी बोलताना लावायचा तो शांत आवाज त्याने लावला.

"नीट ऐक. घाबरायचं नाही. गाडी सेकंडला घे."

"झालंय काय पण?"

"घे आधी."

इंजिन घुरघुरल्याचं ऐकू आलं. "घेतली."

"आता ब्रेक सारखा सारखा मारू नकोस. एकदाच दाब. दोन्ही पाय ठेव आणि अंगातला सगळा जोर लाव."

"बाळ्या, हे हलत नाहीये!" ताईचा आवाज चिरकला. "अरे, हे हलतच नाहीये!"

"काय झालं गं?" मागून सासूबाईंनी विचारलं.

"दाबून ठेव. सोडू नकोस. हँडब्रेक हळूहळू वर ओढ, एकदम नको. आणि डोंगराच्या अंगाला घे गाडी. घासली तर घासू दे."

"नवी गाडी आहे रे!"

"मसणात गेली गाडी! घास, ताई!"

पत्रा फाटल्यासारखा आवाज झाला. तो थांबेचना. मग एक दणका, आणि मग काहीच नाही.

मॅनेजरने खुर्चीची पाठ घट्ट धरली होती.

"ताई?" सेल्समन म्हणाला. "ताई, बोल ना."

"मामा," भाचीचा बारीक आवाज आला, "आजीचा चष्मा पडला."

त्याच्या जिवात जीव आला. तो भिंतीला टेकला.

"थांबलो," ताईला धाप लागली होती. "चाक कडेच्या चरात गेलंय. सगळे ठीक आहोत."

"सगळ्यांना बाहेर काढ. रस्त्यापासून लांब उभे राहा."

दारं उघडल्याचे, लागल्याचे आवाज आले. सासूबाई काहीतरी पुटपुटत होत्या. मग ताई पुन्हा फोनवर आली. आता तिच्या आवाजात भीती नव्हती, राग होता.

"तुला कधी कळलं हे?"

"आत्ताच. इथे, मीटिंगमध्ये."

"आणि बाकीच्यांना कोण सांगणार?"

त्याने मॅनेजरकडे पाहिलं. "सोमवारी..." मॅनेजर म्हणाला, पण इतक्या हळू, की फोनपर्यंत ते पोचलंच नाही.

"थांब, थांब," ताई एकदम म्हणाली. "वरून एक गाडी येतेय. आपल्यासारखीच. तीच गाडी आहे रे!"

फोन कुणाच्या तरी हातात कोंबला गेला. धावत गेलेली पावलं ऐकू आली. सेल्समनने स्पीकर लावला आणि फोन टेबलाच्या मधोमध ठेवला. आता कुणीच त्याला अडवलं नाही. सगळे पुढे वाकले.

"मामा, आई आजीची शाल घेऊन पळाली," भाची सांगू लागली. "वरच्या वळणावर उभी आहे. शाल हलवतेय."

लांबून ताईचं ओरडणं ऐकू आलं. "थांबा! अहो, थांबा!"

गाडीचा आवाज मोठा होत गेला. दोनदा हॉर्न वाजला, गमतीत वाजवतात तसा. मग तो आवाज लहान लहान होत खाली गेला.

"थांबले का ते?" मॅनेजरने विचारलं. त्याचा आवाज भाचीने कधी ऐकलेला नव्हता, तरी तिने उत्तर दिलं.

"नाही. गाडीतली मुलं आईकडे बघून हसली. त्यांनी पण हात हलवला."

तिच्यामागून ताईच्या परतणाऱ्या पावलांचा आवाज आला.

"मामा, त्यांच्या मागच्या काचेवर पण तुमच्या शोरूमचं नाव होतं. त्यांचा फोन नंबर असेल ना तुझ्याकडे?"