धन्याचं नाव

"आदमी का नाम?" गोविंदरावांनी यादीवरून नजर न उचलता विचारलं.

"बलदेव," समोरची बाई म्हणाली. "बलदेव लोधी, खिरिया वाले." आणि तिने पटकन दोन्ही कानांना हात लावले.

गोविंदरावांनी लेखणी खाली ठेवली. चोर आयता सापडला होता.

माघात गारांनी मोठ गावच्या बाजूचा उभा गहू झोपवला, गुरंही मारली. सरकारने बैलांसाठी मदत मंजूर करेपर्यंत ज्येष्ठ उजाडला. ती एकदाच मिळणार होती, आणि घरधन्याच्या किंवा त्याच्या बायकोच्याच हातात. वाटपाचा मांडव उभा राहिला तशी तोतया माणसंही जमली. मेलेल्या बैलांना धनी फार. ओळख पटवणारा पटवारी तापाने अंथरुणाला खिळलेला. तेव्हा झाशीहून आलेल्या गोविंदराव मुनशींनी स्वतःचीच एक परीक्षा काढली होती. लग्नाची बायको, मराठी असो की बुंदेली, नवऱ्याचं नाव तोंडाने घेत नाही. त्यांच्या कुसुमावतीने वीस वर्षांत एकदाही घेतलेलं त्यांनी ऐकलं नव्हतं. घरात 'अहो' आणि बाहेर 'बकुळचे वडील' एवढ्यावर तिचा संसार चालला होता.

"चल हट," ते म्हणाले. "घरवाली कहीं अपने आदमी का नाम लेती है?"

"मुंसीजी, वे सात दिना से ताप में पड़े हैं. असाढ़ मूँड़ पे है. बैल ना आए तो खेत छिन जैहै."

"जिसका खेत है, उसकी घरवाली आएगी."

चपराशाने तिला बाजूला काढलं. ती मांडवाबाहेर उन्हात बसून राहिली.

दुपारी बलदेवच्याच नावावर दुसरी आली. पदर नाकापर्यंत, सोबत सासू. नाव विचारताच तिने मान खाली घातली आणि सासूने ते सांगितलं. गोविंदरावांचा जीव भांड्यात पडला. साठ रुपये दिले, अंगठा घेतला, बलदेवच्या नावावर काट मारली. बाहेरची बाई "वो पैसा हमाओ है!" म्हणून ओरडली, तेव्हा त्यांनी तिच्याकडे पाहिलंही नाही.

संध्याकाळी मोठ स्टेशनवरून गाडी सुटली तेव्हा ती फलाटावर उभी होती. आता ओरडत नव्हती. गोविंदरावांनी खिडकी लावून घेतली. सरकारचा पैसा तोतयाच्या हाती जाऊ द्यायचा नाही, ही त्यांची आण होती, आणि तिला कारणही होतं. गेल्या साली गरौठ्याच्या मुक्कामात त्यांना पटकी झाली. तीन दिवस कोणी फिरकलं नाही. सोबतचे पळून झाशीला परतले. चौथ्या दिवशी साहेबाने आपणहून झाशीचा डॉक्टर धाडला. सरकारला माणसाची कदर असते, हे ते तेव्हापासून दहा जणांना सांगत आले होते.

घरी पोचल्यावर कुसुमावतीने पान वाढलं. दोन घास पोटात गेल्यावर त्यांनी सगळी हकिकत रंगवून सांगितली.

"म्हटलं, हिला पाठवणाऱ्याने एवढंही शिकवलं नाही! धडाधड नाव घेते!"

कुसुमावती हसली नाही. "नवरा आजारी आहे म्हणाली?"

"म्हणायला काय जातं?"

"आणि ते पैसे आता तिला मिळायचे नाहीत?"

"एकदा काट मारली की मारली. अगं, खरी बायको येऊन घेऊन गेली ना."

तिने आमटीची पळी तशीच धरून ठेवली. "नाव घेतल्यावर तिनं काय केलं?"

"काय करणार? कानांना हात लावले. सोंगं सगळी."

कुसुमावतीने पळी भांड्यात ठेवली.

"मीही लावले होते," ती म्हणाली. "साहेबाच्या कचेरीत. तुम्ही गरौठ्याला पडला होतात, आणि नाव सांगितल्याशिवाय ते डॉक्टर पाठवत नव्हते."