चंद्रीची टोपी

"शिकार कशी केली?" अंबादासनं विचारलं. फॉर्मवर तसा रकाना होता.

"तिनं केली की," गुंडू म्हणाला. "हरणं दिसली की तिला सोडायची. मी नुसता तिच्या डोळ्यांवरची टोपी काढायचो."

"आजोबा, तिची शिकार कुणी केली, ते विचारतोय मी."

"तिची?" गुंडूनं अंबादासकडं पाहिलं, मग शेजारी बसलेल्या नंदिनीकडं. "तिची कोण करंल? तापानं गेली ती. माझ्या मांडीवर."

अंबादासनं टाक खाली ठेवला. कारकुनीच्या अकरा वर्षांत त्याच्यापुढं असं उत्तर आलं नव्हतं.

टेबलावर चंद्रीचं कातडं पसरलं होतं. नवा कायदा आला होता. ज्यांच्या घरात रानटी जनावरांची कातडी, शिंगं, मुंडकी असतील त्यांनी ती कचेरीत आणून नोंदवायची. ती कुठून आली याचा कागद असला तर आतल्या बाजूला शिक्का मारून, दाखला देऊन वस्तू परत द्यायची. कागद नसला तर सरकारजमा. आज शेवटचा दिवस होता. जनावर कोणतं ते सांगायला कॉलेजातून प्राणिशास्त्राच्या नंदिनीबाईंना बोलावलं होतं. नुकतेच जुने शिकारी हंबीरराव येऊन गेले होते. सात बिबट्यांची कातडी, सातांचे जुने परवाने, सात शिक्के. पंधरा मिनिटांत त्यांची जीप निघूनही गेली.

"मालकाचं नाव?" अंबादासनं पुढचा रकाना घेतला.

"मालक संस्थान. मी चित्तेवान. म्हंजे सांभाळणारा."

"संस्थान आता नाही."

"व्हय की. संस्थान गेलं त्याच साली ही बी गेली. विचारायला वर कुणी उरलं न्हवतं, म्हणून मग कातडं मी ठिवून घेतलं."

"कुणी दिलं, असं काही लिहिलेलं?"

"कोण देनार? सांगतोय न्हवं, कुणी उरलंच न्हवतं."

"कुठं पकडली?"

"आफ्रिकेत. आगबोटीनं आलती मुंबईला. मी आणाय गेलतो."

अंबादासनं नंदिनीपुढं कायद्याचं पुस्तक सरकवलं. "मॅडम, बाहेरच्या जनावराला आपला कायदा लागतो का? मला तर काही उमगंना."

नंदिनीनं यादीवरून बोट फिरवलं. चित्ता होता, अगदी पहिल्या परिशिष्टात. देशात चित्ता उरलेला नाही, हे ती दरवर्षी वर्गात सांगत असे. यादीत मात्र तो वाघाच्या शेजारीच होता. तिनं नाव पुन्हा वाचलं. काही चुकलेलं नव्हतं.

"यादीत नाव हाय?" गुंडू पुढं वाकला. "म्हंजे हाईत कुठंतरी. न्हाईतर सरकार राखंल कुणाला?"

नंदिनीनं पुस्तक मिटलं.

अंबादास तिच्याकडं झुकून हळू आवाजात म्हणाला, "मॅडम, जुनं कातडं आहे. केस झडलेत. 'ओळख पटत नाही' असं लिहा. मग ते कुठल्या यादीतच बसत नाही. म्हातारा घेऊन जाईल घरी. घरात तिची झोपायची बाज आहे म्हणे अजून. तिच्यावर हे कातडं पसरतो, आणि शेजारी आपण झोपतो."

नंदिनीनं आजवर खोटं निरीक्षण लिहिलं नव्हतं. तिनं भिंग उचललं, पुन्हा ठेवलं. पाठीवरचे केस खरंच विरळ झाले होते. ठिपके पुसट होते. मग तिनं टाक घेतला आणि लिहिलं, 'ओळख पट'. एवढंच लिहून ती थांबली.

"काय लिवलं?" गुंडूनं विचारलं.

"ओळख पटत नाही, असं," अंबादास म्हणाला. "गुंडाळा आता. चला."

गुंडू जागचा हलला नाही.

"ओळख पटत न्हाई? हिची?" त्याचा आवाज चढला. बाहेरच्या बाकावरची माणसं दारातून बघू लागली. "अवो बाई, एवढ्या शिकल्यासवरल्या तुमी! ह्यो डोळ्यापास्नं ओठापतूर काळा ओघळ बघा. असा बिबट्याला असतोय व्हय? आन् ह्यो पंजा बघा. नखं बाहेरच. कुत्र्यावानी. मांजरागत आत जात न्हाईत. ती जित्ती असताना नऊ वर्सं मग मी कुणाच्या शेजारी झोपलो?"

"आजोबा, गप बसा की," अंबादास म्हणाला. "तुमच्याच भल्याचं चाललंय."

"भलं कसलं? माझी चंद्री कुनी न्हाई, असं कागदावर लिवायचं? आन् त्ये भलं?"

त्यानं सांगितलेली एकही खूण चूक नव्हती. नंदिनी तिसऱ्या वर्षाला याच खुणा शिकवायची, फळ्यावर चित्र काढून. तिनं लिहिलेलं खोडलं. खाली लिहिलं, 'चित्ता. मादी. पूर्ण वाढलेली.'

तिनं ते मोठ्यानं वाचून दाखवलं. गुंडूनं मान डोलावली. "आत्ता बरोबर झालं," तो म्हणाला, आणि कातड्याची घडी घालू लागला.

"ऱ्हाऊ द्या," अंबादास त्याच्याकडं न बघता म्हणाला. "कागद नाही. इथंच राहणार आता."

गुंडूचे हात घडीवरच थांबले. "पर आत्ता तर पटली की वळख."

"म्हणूनच."

अंबादासनं उठून लोखंडी कपाट उघडलं. आत काचेच्या डोळ्यांची मुंडकी एकावर एक रचली होती. डांबराच्या गोळ्यांचा वास आला. गुंडू वाकून आत बघत राहिला.

मग त्यानं पिशवीतून चामड्याची एक छोटी टोपी काढली. डोळे झाकणारी, खाली बांधायचा बंद असलेली. "ह्येला कायदा हाय?"

नंदिनीनं ती हातात घेऊन पाहिली. "शेळीचं चामडं आहे. ही तुमचीच. घरी न्या."

गुंडूनं टोपी परत घेतली. कातड्याचं डोकं चपटं झालं होतं, डोळ्यांच्या जागी दोन भोकं होती. त्यानं त्यावर टोपी चढवली, हनुवटीखाली बंद बांधला, आणि फार आवळला तर नाही ना, हे दोन बोटं घालून बघितलं.

"जागा नवी हाय," तो अंबादासला म्हणाला. "उघड्या डोळ्यांनी बुजती."