दर चार तासांनी

अकोल्याच्या दवाखान्यातल्या खिडकीवरही नीलमला तेच उत्तर मिळालं. मॉर्फिनच्या गोळ्या संपल्या होत्या. जुने नोंदलेले पेशंट महिनाभरापूर्वीच दोन-तीन महिन्यांचं औषध घेऊन गेले होते. नवा साठा कधी येईल, ते खिडकीतल्या माणसालाही ठाऊक नव्हतं. अमरावतीत ती आधीच सगळीकडे फिरून आली होती.

ती रिकाम्या हातानं बडनेऱ्याला परतली. फाटकातच तिला आईचं कण्हणं ऐकू आलं.

दुर्गाबाईंचा कॅन्सर मणक्यात उतरला होता. बरं होण्याची भाषा डॉक्टरांनी कधीच सोडली होती. दुखणं आवाक्यात ठेवायचं एवढंच उरलं होतं, आणि आता तेही होईना. आदल्या दिवशी दुर्गाबाईंनी पोरीचा हात धरून अगदी सावकाश सांगितलं होतं, "माही पोरगी असशील, तर हे संपव आता."

त्या संध्याकाळी मागच्या गल्लीतले वामनराव आले. अमरावतीच्या एका डॉक्टरांकडे त्यांनी तीस वर्षं कंपाउंडरकी केली होती. त्यांची बायको शकुन अंथरुणाला खिळली, तेव्हा सहा महिने तिचं अंग दुर्गाबाईंनीच पुसलं होतं. अलीकडे वामनराव फार वाळले होते. दात पडल्यानं जेवण जात नाही, असं म्हणायचे.

दारात बसून त्यांनी नीलमचं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "साखरेनं आराम पडते म्हटलं, तर पटन काय तुले?"

नीलमला राग आला. पण ते थट्टा करत नव्हते. त्यांच्या दवाखान्यात औषध नसलं, की डॉक्टर कधी कधी नुसत्या पाण्याचं इंजेक्शन द्यायचे आणि तळमळणारी माणसं शांत होऊन घरी जायची. आपल्याला औषध मिळालं, अशी माणसाची खात्री पटली, की मेंदू दुखणं मारणारं द्रव्य स्वतःच तयार करतो, असं डॉक्टर सांगायचे. देणाऱ्याचा हात, ठरलेली वेळ, चेहऱ्यावरचा भरवसा, यांतच निम्मं औषध असतं.

"पण एक ध्यानात ठेव," वामनराव म्हणाले. "ही साखर हाये हे ज्याले माहीत, त्याले तिचा काही उपेग नाही. आईसमोर चेहरा पडू देऊ नको."

दुसऱ्या दिवशी त्यांनी पांढऱ्या कॅप्सुलांची डबी आणून दिली. आत पिठीसाखर भरली होती. दर चार तासांनी एक, घड्याळ पाहून. एकाच वेळी दोन कधीच द्यायच्या नाहीत, हे त्यांनी तिच्याकडून दोनदा वदवून घेतलं. साखरच आहे तर दोन दिल्यानं काय होतं, असं तिनं विचारलं, तेव्हा ते एकदम चिडले. शिस्त मोडली, की भरवसाही मोडतो, म्हणाले.

सकाळी दहाला नीलमनं पहिली कॅप्सूल दिली. "अकोल्याहून आणली, आई," असं तिला बोलता आलं, याचंच तिला नवल वाटलं. अकरा वाजता कण्हणं उतरलं. एक वाजता दुर्गाबाईंनी वरणात कुस्करलेली भाकर मागितली. नीलम स्वयंपाकघरात गेली आणि तोंडात पदर कोंबून रडली.

आठवडाभरात आईला गुंगी राहू लागली. पोट साफ होईना. नीलम घाबरून वामनरावांकडे गेली. मनानं औषध मानलं, की ते त्याचा त्रासही मानतं, असं त्यांनी समजावलं आणि इसबगोल द्यायला सांगितलं. तिनं मोबाईलवर वाचलं. खरंच असं होतं, असं तिथंही लिहिलं होतं. तिची शंका मिटली.

त्यानंतर वामनराव येईनासे झाले. गुडघे धरलेत असा निरोप यायचा, आणि दर शनिवारी त्यांची सून रागिणी चिकटपट्टी लावलेलं पाकीट देऊन जायची. आत काय आहे, हे तिला माहीत नव्हतं. दारातूनच ती घाईनं परत फिरायची. नीलमलाही कोणाची विचारपूस करण्याइतकं भान नव्हतं. दिवसातून सहा वेळा ती आईशी खोटं बोलत होती. सहा वेळा आई तिच्या डोक्यावरून हात फिरवत होती.

बेचाळीस दिवस दुर्गाबाई बोलल्या, जेवल्या, खिडकीतून गल्ली बघत बसल्या. त्रेचाळिसाव्या सकाळी, नीलम त्यांचे केस विंचरत असताना, त्या कण्हल्यासुद्धा नाहीत. तशाच गेल्या.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, आणि दुसऱ्या दिवशी नीलम वामनरावांकडे निघाली. आईचं मरण सोपं केलंत, एवढं तरी त्यांना सांगायचं होतं.

दार रागिणीनं उघडलं. तिचे डोळे सुजले होते. आतल्या खोलीतून कण्हणं येत होतं, नीलमच्या घरात पूर्वी यायचं तसंच. वामनराव भिंतीकडे तोंड करून, पाय पोटाशी घेऊन पडले होते.

आठ महिन्यांपासून त्यांना स्वादुपिंडाचा कॅन्सर होता, रागिणीनं हळूच सांगितलं. कोणाला कळू द्यायचं नाही, अशी त्यांनी घरात सगळ्यांना शपथ घातली होती.

"औषध?" नीलमनं विचारलं.

"हाये ना, ताई. अकोल्याचा माल संपला नव्हता तवाच तीन महिन्यांचं आणून ठेवलं होतं. गोयी कडू लागते म्हणून बाबा सोताच कुटून कॅप्सुलात भरते. चार-चार तासाले घेते, माह्या डोयासमोर घेते." रागिणीनं डोळे पुसले. "पण दीड महिना झाला, काहून ते समजत नाही, रत्तीभर गुण नाही."

उशाशी डबी होती. नीलमनं त्यातली एक कॅप्सूल उघडली आणि आतली पूड जिभेवर ठेवली.

पिठीसाखर होती.